घाणीचे फोटो काढून काही होतं का?

काठावरचा
नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं नदीच्या एकाच पट्ट्यावर दर पंधरवड्याला जातो आणि फोटो काढतो. बंधाऱ्याखाली साचलेला फेस, काठावर ओतलेला राडारोडा, पूर ओसरल्यावर झुडपांना लटकलेल्या पिशव्या. सुरुवात पक्ष्यांपासून झाली होती. पक्षी कमी होत गेले, राडारोडा वाढत गेला, मग जे समोर होतं तेच टिपू लागलो.

गेल्या आठवड्यात त्यातला एक फोटो एका ग्रुपवर टाकला. सूर्योदय, फेसावर पसरलेला गुलाबी उजेड, मधोमध एक बगळा. बदामांचा पाऊस. "स्वर्गीय!" "हा धबधबा कुठला?" एकाने तर मोठी फाईल मागितली, बैठकीच्या खोलीत लावायला. बायको म्हणाली, त्याला विचार, वास पण पाठवू का सोबत.

मग मुद्दाम दुसरा टाकला. भर दुपारचा, तोच फेस, मेलेले मासे. प्रतिसाद तीन. त्यातला एक, "सकाळी सकाळी नको रे हे."

सुंदर काढला तर घाण दिसत नाही आणि घाण काढली तर कुणी बघत नाही. मग काढायचं काय? आणि मुळात फोटोमुळे कधी कुठे काही थांबलंय का, की आपण आपल्याच मनाची समजूत घालत फिरतोय?

तर्कट
नाही थांबलं. धागा बंद करा.

शेवटचा_बाक
मी बसतो इथे कोपऱ्यात. चालू द्या.

जुनीरीळ
तर्कट, एवढी घाई नको. थांबलंय, आणि तेही फोटोग्राफी पाळण्यात होती तेव्हापासून.

कार्लटन वॉटकिन्स नावाचा माणूस १८६१ साली अमेरिकेतल्या योसेमिटीच्या दरीत भलामोठा कॅमेरा घेऊन गेला. काचेच्या प्लेटा, प्रत्येक साधारण १८ बाय २२ इंचांची, सगळं ओझं खेचरांवर लादून. ते फोटो पूर्वेकडच्या शहरांत पोचले. ज्यांनी ती दरी जन्मात पाहिली नव्हती त्यांनी ती कागदावर पाहिली आणि १८६४ साली, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने ती राखून ठेवायच्या कायद्यावर सही केली. विल्यम हेन्री जॅक्सनने १८७१ मध्ये यलोस्टोनचे फोटो काढले, १८७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स १९३६ मध्ये फोटोंचा गठ्ठा काखोटीला मारून वॉशिंग्टनला खासदारांना भेटायला गेला, किंग्ज कॅन्यन १९४० मध्ये राखीव झालं.

एकट्या फोटोने झालं असं मी म्हणत नाही. पण फोटो टेबलावर नसता तर बोलणं कशावरून सुरू झालं असतं?

रानवाट
जुनीरीळ काका, मान्य. पण ही सगळी उदाहरणं "बघा किती सुंदर आहे, वाचवा" या जातीची आहेत. धागालेखक विचारताहेत ते "बघा काय करून ठेवलंय" या जातीबद्दल. दोन्हींत फार फरक आहे.

शिवाय त्या सुंदर फोटोंनी एक गोष्ट झाकली. योसेमिटीत माणसं राहत होती. अहवाहनीची लोकांना १८५१ साली सैन्य घालून तिथून हुसकावलं आणि दहा वर्षांनी काढलेल्या फोटोंत दरी कशी? निर्मनुष्य, जणू आत्ताच घडवलेली. चौकटीत काय घेतलं याइतकंच बाहेर काय ठेवलं हेही बघायला हवं.

जुनीरीळ
हे खरं आहे. माझ्या पिढीला "निसर्ग म्हणजे माणूस नसलेली जागा" हे अशाच फोटोंनी शिकवलं. माणूस आडवा आला की आम्ही तो बाजूला व्हायची वाट बघायचो. अजूनही बघतो.

धुके
बैठकीच्या खोलीतल्या फोटोवरून एडवर्ड बर्टिन्स्की हा फोटोग्राफर आठवला. कॅनडात सडबरीजवळ निकेलच्या खाणीचा गाळ-सांडपाणी वाहतं, त्याचा १९९६ चा फोटो आहे. काळ्या जमिनीवर केशरी-लाल नदी. पहिल्यांदा पाहिला तेव्हा लाव्हा वाटला. तो रंग खाणीच्या गाळातल्या लोखंडाच्या गंजण्याचा.

त्याच्यावर हाच आरोप होतो, की तू विध्वंस देखणा करून विकतोस. माझं म्हणणं उलट आहे. कुरूप फोटोपुढे माणूस दोन सेकंद थांबतो आणि बोट सरकवतो. देखण्या फोटोपुढे मिनिटभर रेंगाळतो, आणि त्या मिनिटात खालची ओळ वाचतो. वाचल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटते, की आपण कशाला "वा" म्हणालो. ती लाज कामाची आहे.

काठावरचा, तुमचा गुलाबी फोटो चुकलेला नाही. खालची ओळ चुकलीय. काय लिहिलं होतंत?

काठावरचा
"सुप्रभात".

शेवटचा_बाक
हाहाहा. आता कळलं धबधबा का विचारला ते.

तर्कट
धुके, "लाज कामाची आहे" हे गृहीत धरलंय तुम्ही. लाज वाटलेला माणूस दुसऱ्या मिनिटाला मांजराचा व्हिडिओ बघतो. बघणाऱ्याला काही केल्यासारखं वाटतं, काढणाऱ्याला बक्षीस मिळतं. नदीला काय मिळतं?

ओंजळ
तर्कट, तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणून नाही, पण मिनामाताबद्दल लिहिते.

जपानमधलं किनाऱ्यावरचं गाव. चिस्सो कंपनीचा कारखाना पारा असलेलं सांडपाणी खाडीत सोडायचा. पारा माशांत गेला, माशांतून माणसांत. आधी मांजरं वेड्यासारखी नाचून मरू लागली, मग माणसांचे हातपाय वाकडे होऊ लागले. रोगाची अधिकृत नोंद १९५६ सालची. सांडपाणी थांबलं १९६८ मध्ये. मधली बारा वर्षं मोजा.

आता गंमत बघा (गंमत कसली). त्या पाण्यातलं विष डोळ्यांना दिसणारं नव्हतंच. पाऱ्याच्या त्या संयुगाला ना रंग, ना फेस. धागालेखकांच्या नदीवर निदान फेस तरी आहे. युजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ हे फोटोग्राफर जोडपं १९७१ मध्ये तिथे गेलं तेव्हा फोटो काढायचा कशाचा? त्यांनी माणसं टिपली. आठवडाभर जाऊन परत आले नाहीत, जवळपास तीन वर्षं तिथे भाड्याने राहिले. १९७२ च्या जानेवारीत कंपनीच्या माणसांनी युजीनला इतकं मारलं की त्याची दृष्टी अधू झाली.

सगळ्यात गाजलेला फोटो आईच्या हातांवर न्हाणीघरात असलेल्या मुलीचा. आईच्या पोटात असतानाच तिला पाऱ्याची बाधा झाली होती. त्या एका चित्राने जगाला मिनामाता कळलं. पण तेवढ्यावर संपत नाही. मुलगी १९७७ साली गेली. फोटो मात्र छापला जातच राहिला, भिंतींवर, पुस्तकांत, पत्रकांवर. घरच्यांना ते सोसेना. शेवटी आयलीनने १९९८ मध्ये त्या फोटोचा निर्णय आईवडिलांच्या हाती दिला आणि तो नव्याने छापणं थांबवलं.

म्हणून मी इथे दुवा देत नाहीये. कृपया कुणी देऊ नये.

रानवाट
ओंजळ, हे लिहिल्याबद्दल आभार. शेवटचा भाग माहीत नव्हता.

नीलपंख
भोपाळचंही तसंच ना. मातीत अर्धं पुरलेल्या लहान मुलाचा चेहरा. डिसेंबर १९८४. रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू दोघांनीही तेच मूल टिपलं, एकाने कृष्णधवल, दुसऱ्याने रंगीत. ते मूल कुणाचं, हे आजतागायत कळलेलं नाही. परवानगी मागायलाही कुणी उरलं नव्हतं, असं वाटतं तो बघताना. आणि तरी तो काढला नसता तर? वायू तर डोळ्यांना दिसत नाही.

तर्कट
म्हणजे खरं घातक ते कॅमेऱ्यात येतच नाही. पारा नाही, वायू नाही, कार्बन डायऑक्साइड नाही. येतो तो फेस आणि पिशवी. मग सगळं जग पिशवीच्या मागे लागतं आणि अदृश्य नळ वाहतच राहतो. फोटोग्राफीवरचा माझा मुख्य आक्षेप हा आहे, सुंदर-कुरूप मला सारखंच.

सरळरेषा
तर्कटरावांचा आक्षेप अर्धा बरोबर. मिथेन साध्या कॅमेऱ्यात दिसत नाही, पण ठरावीक तरंगलांबीच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात टाकीच्या झाकणातून धुरासारखा निघताना स्पष्ट दिसतो. अशा कॅमेऱ्यांनी गळत्या पकडतात.

तरी मला जास्त काळजी खोटेपणाची वाटते. दोन उदाहरणं देतो.

एक. अमेरिकेत ओहायोतली कायाहोगा नदी २२ जून १९६९ ला पेटली. हो, नदी पेटली, पाण्यावर तेलाचा थर होता. ऑगस्टमध्ये 'टाइम' साप्ताहिकाने बातमी छापली, सोबत ज्वाळांनी वेढलेल्या बोटीचा फोटो. देशभर संताप. पुढे १९७० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था झाली आणि १९७२ मध्ये पाणी स्वच्छ ठेवायचा कायदा आला, त्यामागच्या कारणांत ही नदी कायम सांगितली जाते. फक्त तो फोटो १९६९ चा नव्हताच. १९५२ च्या आगीचा होता. १९६९ ची आग अर्ध्या तासाच्या आत विझली होती, ज्वाळांचा फोटो कुणाला मिळालाच नाही.

दोन. २०१७ मध्ये हाडं निघालेल्या ध्रुवीय अस्वलाचा व्हिडिओ फिरला. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने त्यावर थेट हवामानबदलाचा शिक्का मारला. ते विशिष्ट अस्वल कशाने खंगलं, म्हातारपण, आजार की जखम, हे कुणालाच माहीत नव्हतं. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच कबूल केलं की आपण जरा जास्तच बोललो. तोवर हवामानबदल नाकारणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत गेलं होतं.

बर्फ वितळतोय हे खरंच आहे. पण खऱ्या गोष्टीला ढिला पुरावा जोडला की खरी गोष्टच संशयात येते.

धुके
पण सरळरेषा, पहिल्या उदाहरणात चुकीच्या फोटोनेच काम केलं की!

सरळरेषा
फोटो खोटा नव्हता, त्याच नदीचा होता. तारीख चुकीची पोचली. नदी तोवर डझनभर वेळा तरी पेटली होती. आज असं केलंत तर दहा मिनिटांत कुणीतरी मूळ फोटो शोधून तुमच्या तोंडावर मारेल आणि चर्चा नदीवरून तुमच्यावर येईल.

बिनपट्ट्याचा_कॅमेरा
इथे एक कबुली देऊन टाकतो, नाहीतरी खऱ्या नावाने लिहीत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्पर्धेसाठी समुद्रकिनाऱ्यावर खेकड्याचा फोटो काढला. खेकडा एकीकडे, बाटलीचं बूच तीन हातांवर. मी बूच उचलून खेकड्याजवळ ठेवलं. बक्षीस मिळालं. परीक्षकांनी "निसर्गाचा आक्रोश" वगैरे म्हटलं. आक्रोश बिक्रोश काही नाही, मी पायाने सरकवलं होतं.

तो फोटो आता कुणालाच दाखवत नाही. बूच तिथे होतं, खेकडा तिथे होता, किनारा तसाच घाणेरडा होता, सगळं खरं होतं. तरी नाही दाखवत.

शेवटचा_बाक
बूच पुढे उचललंत की नाही?

बिनपट्ट्याचा_कॅमेरा
नाही उचललं. तीच तर बोच आहे.

नीलपंख
यावरून फोटोग्राफर ख्रिस जॉर्डन आठवला. मिडवे बेटावरच्या अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांचे सांगाडे, पिसांच्या मधोमध पोटाच्या जागी लायटर, बुचं, प्लास्टिकचे तुकडे. २००९ पासून काढले. ते बेट कुठल्याही खंडापासून दोन हजार मैलांवर आहे. लोक म्हणाले, रचलंय. त्याने सांगितलं, एकही तुकडा हलवलेला नाही. आपण मानतो, कारण तो पुनःपुन्हा तिथे जात राहिला आणि शेकडो सांगाडे तसेच निघाले.

मात्र सरळरेषांच्या शिस्तीत सांगायचं तर फोटो एवढंच सिद्ध करतो की पोटात प्लास्टिक होतं. पिल्लू त्यानेच मेलं हे प्रत्येक वेळी सिद्ध होत नाही, ती इतर कारणांनीही मरतात. खाली लिहिताना हा फरक ठेवावा लागतो.

रानवाट
२०१७ साली गाजलेला समुद्रघोडाही आठवतो, शेपटीने कान कोरायची काडी धरलेला. जस्टिन हॉफमनने इंडोनेशियाच्या समुद्रात काढलेला. समुद्रघोडे प्रवाहात गवताची काडी धरून तरंगतात, याला गवताऐवजी ती मिळाली. इवलासा जीव आणि आपल्या प्रत्येकाच्या घरातली वस्तू. रक्त नाही, मरण नाही, तरी विसरता येत नाही. मला वाटतं बघणाऱ्याची ओळखीची वस्तू चौकटीत असली की तो सुटू शकत नाही. कारखान्याच्या धुराड्याकडे बघून "ते लोक" म्हणता येतं. काडीकडे बघून कसं म्हणणार?

तर्कट
आणि कारखान्यांना नेमकं हेच हवं असतं. काडी तुझी, पाप तुझं. धुराडं चौकटीबाहेर.

रानवाट
... हे मात्र लागलं. विचार करते.

हौशी_नवा
मध्येच विचारतो, सॉरी. असे फोटो काढायला कोणती लेन्स घ्यावी? फोनने चालेल का?

जुनीरीळ
चालेल. पण कोणती लेन्स काय करते ते माहीत असू दे. लांब पल्ल्याच्या टेलीने दूरवरच्या गोष्टी एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. पन्नास पावलांवर विखुरलेला कचरा एकच डोंगर वाटतो. जमिनीलगत बसून वाइड, म्हणजे रुंद कोनाच्या लेन्सने काढलं की एक बाटली क्षितिजाएवढी होते. दोन्ही खोटं नाही, पण दोन्ही वकिली आहे. मी एक सामान्य उंचीवरून, उभं राहून, साध्या लेन्सने काढतोच. तो साक्षीदाराचा. बाकीचे हौसेचे.

आणि फोनमधलं ते रंग खुलवणारं प्रकरण बंद कर. गढूळ पाणी आपोआप निळं करून देतो मेला.

खडूसराव
फोटोग्राफरांनी आधी स्वतःकडे बघावं. घरट्यासमोरच्या फांद्या छाटणारे, घुबडाला दिवसा उठवणारे, दुर्मीळ फुलाचं ठिकाण जगजाहीर करून दुसऱ्या वर्षी तिथे पायवाट पाडणारे कोण? पर्यावरणाचं नुकसान दाखवायला विमानाने जगभर फिरणारे कोण?

धुके
पहिल्या तिन्हींवर सहमत, ठिकाण उघड करू नये हा साधा नियम हवा. विमानावर निम्मा सहमत. सेबास्तियाव सालगादो १९९१ मध्ये कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींवर गेला, सहाशेहून अधिक विहिरी जळत होत्या, घरी बसून ते फोटो आले नसते. आणि त्याने नंतर कॅमेरा बाजूला ठेवून ब्राझीलमधल्या वडिलांच्या उजाड जमिनीवर बायकोबरोबर झाडं लावली. १९९८ पासून वीस लाखांच्या वर.

तर्कट
त्या माणसाबद्दल काही बोलणार नाही. त्याला सूट.

शेवटचा_बाक
इतिहासात नोंद करा, तर्कट यांनी सूट दिली.

ओंजळ
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? काठावरचा विचारत होते काढायचं काय.

मला वाटतं, तुमच्याकडे जे आहे ते तुम्हालाच दिसलेलं नाही. सुंदर आणि कुरूप या भांडणात अडकलात. तुम्ही पहिल्याच वाक्यात लिहिलंय, दोन वर्षं, एकच पट्टा, दर पंधरवडा. म्हणजे पन्नासेक फेऱ्या. एकाच जागी उभं राहून काढलेले किती आहेत?

सरळरेषा
ओंजळ यांना अनुमोदन. जेम्स बेलॉगने २००७ मध्ये हिमनद्यांसमोर कॅमेरे खडकाला बोल्टने ठोकले आणि वर्षानुवर्षं एकाच चौकटीतून फोटो घेत राहिला. एकेक फोटो बघितला तर काही नाही, बर्फच बर्फ. सलग लावले की हिमनदी मागे हटताना दिसते. त्यात कुणी म्हणू शकत नाही की अस्वल म्हातारं असेल.

तुमच्यासाठी: जागा ठरवा, खूण करा. दर वेळी तीच उंची, तीच लेन्स, शक्यतो तीच वेळ. मूळ फाईल कधीच खोडू नका, छाटलेली-उजळलेली प्रत वेगळी. वहीत तारीख, पाण्याची पातळी, आदल्या दिवशी पाऊस होता का. फेसाचा फोटो पावसानंतर आणि पावसाआधी वेगळा येतो. प्रवाह वाढला की बंधाऱ्यावरून पाणी जोरात आपटतं आणि साबणाचा अंश घुसळला जातो, त्यामुळे एक दिवस जास्त फेस म्हणजे जास्त सांडपाणी असं लगेच म्हणता येत नाही. राडारोड्याचं तसं नाही. तो वाढला तर वाढलाच.

काठावरचा
आभारी आहे सगळ्यांचा, तर्कट धरून.

काल रात्री बसून सगळ्या फाईली चाळल्या. पक्षी टिपायचो तेव्हा एका सपाट काळ्या दगडावर बसायचो, तिथून बंधारा आणि पलीकडचं उंबराचं झाड बरोबर चौकटीत येतं. निव्वळ सवयीने बहुतेक फेऱ्यांत तिथून एकेक काढलेला आहे. बोअरिंग म्हणून कधी उघडलेच नव्हते. एकेचाळीस निघाले. ओळीने लावले तर डाव्या कडेने भराव पुढे सरकताना दिसतो. पहिल्या फोटोत झाडापाशी पाणी आहे, शेवटच्यात झाडापासून चांगलंच लांब.

बायकोने पूर्ण पाहिले. म्हणाली, बगळा पण मोज. पहिल्या दहांत सात वेळा आहे. शेवटच्या दहांत एकदा, तो गुलाबी सुप्रभातवाला.

हे सगळं छापून, तारखा घालून, लेखी तक्रारीला जोडणार आहे. गुलाबी फोटो सगळ्यात वर ठेवतो, म्हणजे साहेब निदान पान तरी उलटतील.

तर्कट
बगळ्याचं पुरावा म्हणून धरू नका, ऋतूप्रमाणे बदलतो. भरावाचं धरा. आणि पोच घ्या, शिक्क्यासकट.

शेवटचा_बाक
तर्कट आता आपल्या बाजूने झालेत असं समजायचं का?

तर्कट
नाही. पोच घ्या एवढंच म्हणालो.

काठावरचा
तीन आठवड्यांनी धागा वर आणतोय. तक्रार दिली, पोच मिळाली, शिक्का अर्धवट उमटलाय पण आहे. पुढे काही हालचाल नाही.

आज पहाटे बेचाळिसावा काढायला गेलो. दगड सापडला नाही. आधी वाटलं अंधारात वाट चुकलो. मग उंबरावरून अंदाज घेतला. भराव दगडावरून पुढे गेलाय. मी बसायचो तिथे फुटक्या फरशा आणि कमोडचा तुकडा आहे. आता तीच चौकट मिळणार नाही.

ओंजळ
अरेरे.

जुनीरीळ
भरावावर चढून काढलात का?

काठावरचा
काढला. पण तीन-चार हात उंची वाढली, बंधारा खाली गेला. जुन्यांशी जुळत नाही.

जुनीरीळ
जुळू नये. किती उंच झालं ते टेपने मोजा आणि वहीत लिहा. दगड कुठे होता ते उंबरापासून पावलं मोजून लिहा. रविवारी मी येतो, टेप माझ्याकडे आहे. ठिकाण इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तर्कट
मलाही व्यनि करा.